फामागुस्ता, एकास पस्तीस

दिवाळीत किल्ला केलेल्या पोराला प्रमाण म्हणजे काय हे शाळेत यायच्या आधीच कळलेलं असतं, फक्त उलट्या बाजूने. बुरुजाएवढा मावळा, दरवाजातून आत न मावणारा हत्ती, पायथ्याच्या तळ्यात गडाच्या निम्म्या आकाराचं बदक. आमच्या जुन्नर-आंबेगावात शिवनेरी समोर असतानाही पोरं असेच किल्ले करतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मीही केलेत. आमच्या गल्लीत किल्ला हा सगळ्या पोरांचा असायचा, माती कोणाच्याही अंगणातून यायची. महाराज मात्र सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठे असायचे, आणि बाकीच्यांची उंची त्यांच्या मानाने ठरायची. म्हणजे ज्याचा मान मोठा त्याचा आकार मोठा. इतिहास आपण बराचसा याच मापाने शिकतो आणि शिकवतोही.

मापात केलेली प्रतिकृती ही सवय मोडते. एकास पस्तीस म्हणजे एकास पस्तीस. पराक्रमी माणूस असो की साधा, पाच फूट सात इंचांचा माणूस त्यात पाच सेंटीमीटरला जरा कमीच भरतो.

दोन पावसाळे तळेघरला राहत्या खोलीत मी एक रणगाडा करतोय. ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन, आणि त्यातही एक ठरलेला: सतराव्या पूना हॉर्सचा 'फामागुस्ता', ज्यात १६ डिसेंबर १९७१ रोजी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल मारले गेले. हे काम करताना जे वाचावं लागलं, तपासावं लागलं, ते लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

आधी या मापाची गंमत. पस्तीस हा आकडा कुठून आला? नकाशाचं माप पन्नास हजारास एक असतं, ते समजतं. पस्तीसला तसा काही हिशेब नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं किट काढलं, त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या. बॅटऱ्या मावतील एवढं पोट केलं आणि नंतर मोजलं तर ते मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या भागाएवढं निघालं. तेच पुढे जगभर रूढ झालं. म्हणजे आज जगातल्या हजारो कपाटांत दुसऱ्या महायुद्धाचा जो इतिहास उभा आहे, त्याची उंची दोन बॅटऱ्यांनी ठरवली. इतिहासाची मापं बऱ्याचदा अशीच ठरतात, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

खरा सेंच्युरियन तोफ सोडून सुमारे साडेसात मीटर लांब, तोफेसकट पावणेदहा. रुंदी तीन मीटर चाळीस, उंची तीन मीटर, वजन पन्नास टनांच्या वर. एकास पस्तीसमध्ये तो तोफेसह २८ सेंटीमीटर होतो, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडा आखूड. दोन्ही बाजूंना सहा-सहा चाकं, त्यांवरून फिरणारा साखळीचा पट्टा, आणि चाकं झाकणारे पोलादी पत्रे. ब्रिटिशांनी तो जर्मन रणगाड्यांना उत्तर म्हणून १९४३ पासून आखायला घेतला. पहिले नमुने युरोपात पोचले मे १९४५ मध्ये, तोवर तिथली लढाई संपली होती. ज्या युद्धासाठी तो बनला त्यात त्याने गोळी झाडली नाही, आणि नंतर कोरियापासून पश्चिम आशियापर्यंत दुसऱ्यांच्या युद्धांत तो पन्नास वर्षं लढत राहिला. त्याचं मिटिओर इंजिन हे स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाचं जमिनीवरचं भावंड. पेट्रोल असं प्यायचा की पुढच्या आवृत्त्यांमध्ये टाक्या वाढवाव्या लागल्या.

किट करणाऱ्याला हे तपशील टाळता येत नाहीत. बाजारात मिळणारी किटं बहुतेक ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन सेंच्युरियनची, मार्क तीन किंवा मार्क पाच. भारताने पन्नाशीच्या दशकात घेतलेला सेंच्युरियन मार्क सात होता. त्याची मागची इंजिनावरची झाकणं वेगळी आहेत. ती पातळ प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून, घासून बसवावी लागतात. व्याख्यानात 'सेंच्युरियन रणगाडा' म्हटलं की भागतं. टेबलावर 'कुठला सेंच्युरियन' हे सांगितल्याशिवाय कात्री चालत नाही.

काम सुरू झाल्यावर एका सहकाऱ्याने हसत विचारलं, "सर, सेंच्युरियन कशाला? तुम्ही पॅटन करायचा ना." चहाच्या वेळचा विनोद होता, सगळे हसले, मीही हसलो. ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी: पॅटन हा अमेरिकेने पाकिस्तानला दिलेला रणगाडा. १९६५ आणि १९७१ ला समोरून आला तो. विनोदाचा अर्थ यापेक्षा जास्त फोडून सांगायची गरज नाही. महाराष्ट्रात माझ्या नावासारखं नाव घेऊन चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही तो लगेच कळेल. पण तो प्रश्न मी मनात ठेवला, कारण विनोद बाजूला काढला तर प्रश्न चांगला होता. नुसता एक रणगाडा टेबलावर ठेवून लढाई दाखवता येते का?

त्याआधी पूना हॉर्स म्हणजे काय ते बघू. नावात पुणे आहे तर ते उगाच नाही. जून १८१७ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावावर पुण्याचा तह लादला. त्या तहाच्या अटींतून, पेशव्यांच्याच मुलखाच्या पैशावर, इंग्रजांच्या हुकमतीखाली एक घोडदळ उभं राहिलं: पूना ऑक्झिलरी हॉर्स. सहा महिन्यांत, १ जानेवारी १८१८ ला, याच घोडदळाचे सुमारे तीनशे स्वार शिरूरहून निघालेल्या इंग्रजी तुकडीबरोबर कोरेगाव भीमाला पेशव्यांच्या फौजेसमोर उभे होते. ज्यांच्या पैशावर पोसले त्यांच्यावरच. या घोडदळाला 'आपलं' म्हणायचं तर ही सुरुवातही आपलीच म्हणावी लागते. आमच्याकडे भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावते तीच भीमा खाली कोरेगावला वाहते, म्हणून हे सगळं मला कधी लांबचं वाटलं नाही.

पुढचा टप्पा मात्र माझ्यासारख्या उर्दू शिकवणाऱ्याला थांबवून ठेवणारा आहे. १८५७ साल म्हटलं की आपल्याला मेरठ आणि झाशी आठवते. त्याच वर्षी, उठावाच्या तीन महिने आधी, इंग्रज इराणशी लढत होते आणि पूना हॉर्स तिथे होतं. ८ फेब्रुवारी १८५७ ला बुशहरच्या अलीकडे खुशाब इथे लढाई झाली. घोडदळाने इराणी पायदळाचा चौकोन फोडला आणि त्यांचं निशाण हिसकावून आणलं. त्या निशाणाच्या टोकाला चांदीचा पंजा होता. तो पंजा आजही पूना हॉर्सच्या निशाणाच्या दांडीवर असतो. त्यावर कुराणातल्या सूरा फतहचे, अल्लाहचा हात सर्वांच्या हातांवर असल्याचे शब्द कोरलेले आहेत आणि १०६६ हे हिजरी साल आहे. म्हणजे इसवी सन १६५५-५६. पुढच्याच वर्षी, १६५७ मध्ये, शिवाजी महाराजांनी आमच्या जुन्नरवर छापा घातला. तो पंजा त्या काळातला आहे.

खुशाब नावाने घोळ होतो, कारण पाकिस्तानी पंजाबातही एक खुशाब आहे. हे ते नव्हे. पण त्या दुसऱ्या खुशाबच्या शेजारच्या जिल्ह्याशी या लेखाचा शेवटी संबंध येणार आहे.

निशाणावरचा पंजा मराठी मुलखातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मोहरमात आमच्याकडे गावोगावी पंजे बसतात, सवाऱ्या निघतात, आणि कित्येक गावांत पंजा उचलणारं घर हिंदू असतं. इराणातला तो पंजा त्याच घराण्यातला, करबल्याच्या आठवणीचा. तो लुटून आणला हे खरं. पण लुटलेली वस्तू खजिन्यात पडून राहते, ही मात्र निशाणाच्या टोकावर गेली. रजपूत, जाट, शीख, पारशी, मुसलमान, सगळ्या स्वारांनी गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षं त्या पंजाखाली सलामी दिली आहे. खेत्रपालांनीही आणि त्यांच्याआधी तारापोरांनीही.

लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर हे १९६५ मध्ये पूना हॉर्सचे प्रमुख. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले पारशी. सैन्यातली सुरुवात निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या लष्करात. संस्थान विलीन झालं, तिथलं लष्कर गेलं आणि ते पूना हॉर्समध्ये आले. ११ सप्टेंबर १९६५ ला सियालकोट आघाडीवर फिलोराच्या लढाईत त्यांच्या सेंच्युरियननी पॅटनना रोखलं, जखमी असूनही त्यांनी मागे जायला नकार दिला, आणि १६ सप्टेंबरला बुतूर-डोगरंडीपाशी ते मारले गेले. पाच-सहा दिवसांच्या त्या लढाईत त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे उडवले आणि स्वतःचे नऊ गमावले, असं त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात नोंदलेलं आहे. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी दिला गेला, तोही रणांगणावरच. पारशी माणसाने दखम्याऐवजी चिता मागावी, ही साधी गोष्ट नाही.

याच युद्धाबद्दल मुलांना शिकवताना एक मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, इसमें अपने में का कोई था क्या?" तो प्रश्न मी स्वतःही त्याच्या वयात विचारला होता आणि मला मिळालं तेच उत्तर आपोआप तोंडावर आलं: अब्दुल हमीद. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, चौथी ग्रेनेडियर्स, गाव धामूपूर, जिल्हा गाझीपूर. खेमकरण आघाडीवर चीमा गावाजवळ जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पॅटन टिपत राहिले आणि १० सप्टेंबर १९६५ ला मारले गेले. परमवीर चक्र. आमच्या प्रत्येक मुलाला हे नाव पाठ आहे.

आणि तेच मला खटकतं. अब्दुल हमीद यांच्याबद्दल नव्हे, त्यांचं नाव ज्या कामाला लावलं जातं त्याबद्दल. कोणी बोट दाखवलं की आपण त्यांचं नाव ओळखपत्रासारखं पुढे करतो. त्या जीपवर ते एकटे नव्हते, तोफेला गोळा भरणारा होता, जीप हाकणारा होता. ते कोण होते हे ओळखपत्रावर लिहिलेलं नसतं. आणि खुद्द हमीदही त्यात हरवतात: बत्तीस वर्षांचा, शिंपीकाम करणाऱ्या घरातला, आपल्या तोफेवर घट्ट हात बसलेला एक कसबी माणूस. मुलाला मी त्या दिवशी आणखी एक नाव सांगितलं. अठराव्या कॅव्हलरीचे नायब रिसालदार मोहम्मद अयूब खान. राजस्थानातले कायमखानी मुसलमान. सियालकोट आघाडीवर स्वतः रणगाड्यात बसून लढले, वीर चक्र मिळालं, पुढे झुंझुनूहून लोकसभेत गेले. समोरच्या देशाचा राष्ट्राध्यक्षही तेव्हा अयूब खानच होता. मुलगा या योगायोगावर फार खूष झाला. मी म्हटलं, आता त्यांच्या रणगाड्यात आणखी कोण बसलं होतं ते शोध. मोजायला शिक, चारजण असतात.

सेंच्युरियनमध्ये चारजणच असतात. पुढे उजवीकडे चालक. बुरुजात कमांडर, त्याच्यापुढे तोफ रोखणारा, आणि डावीकडे गोळा भरणारा, जो बिनतारी यंत्रही सांभाळतो. प्रतिकृतीत झाकणं बंद केली तर चौघंही दिसत नाहीत. कमांडरचं झाकण उघडं ठेवून एक अर्धी आकृती बसवायची रीत आहे, किटबरोबर तीच येते. त्यामुळे जगभरच्या प्रतिकृतींमध्ये एकच माणूस दिसतो. इतिहासाच्या पुस्तकातही तोच.

फामागुस्तातले चौघे असे: कमांडर अरुण खेत्रपाल, तोफ रोखणारे सवार नथू सिंग, चालक सवार प्रयाग सिंग, गोळा भरणारे सवार नंद सिंग. मी सगळी झाकणं उघडी ठेवली आहेत. लढाईत ती तशी उघडी नसणार, हे मला माहीत आहे. म्हणून मी हा रणगाडा लढाईतला दाखवलेला नाही, आदल्या दिवशीचा, १५ डिसेंबरच्या दुपारचा दाखवला आहे. चौघे बाहेर डोकावताहेत.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते थोडक्यात. शकरगढच्या पट्ट्यात बसंतर नावाचा नाला आहे. पलीकडे आपल्या पायदळाने पाय रोवले होते, पण मध्ये सुरुंगांचा पट्टा होता. समोरून रणगाडे येताहेत असं पायदळाने कळवल्यावर, सगळे सुरुंग काढून व्हायच्या आतच पूना हॉर्सने रणगाडे पलीकडे घातले. रेजिमेंटचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग. १६ तारखेला जरपाल भागात तेराव्या लान्सर्सचे पॅटन चालून आले. मदतीला धावलेल्या तीन रणगाड्यांपैकी एक निकामी झाला, दुसऱ्याची तोफ चालेना, उरला फामागुस्ता. त्यालाही आग लागली. मागे ये, असा बिनतारी हुकूम आला. तोफ अजून चालतेय म्हणून खेत्रपालांनी तो मानला नाही. शेवटचा पॅटन शंभर मीटरच्या आत आलेला असताना शेवटचा गोळा लागला. नंद सिंग आणि खेत्रपाल गेले, नथू सिंग आणि प्रयाग सिंग वाचले. खेत्रपाल पुण्यात जन्मले होते, १४ ऑक्टोबर १९५० ला. खडकवासल्याच्या एनडीएत शिकले. तिथल्या संचलनाच्या मैदानाला आज त्यांचं नाव आहे. वय एकवीस, नोकरी सहा महिन्यांची.

आता रंग. इथे तळेघरचा पाऊस आडवा येतो. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांना सांगतो: घोडेगाव सोडलं, डिंभ्याचं पाणी मागे टाकलं की भीमाशंकरच्या वाटेवर आमचं गाव. जून ते सप्टेंबर धुकं खिडकीतून आत येतं. वह्या मऊ पडतात, मीठ ओलं होतं, भिंतीला बुरशी येते. अशा हवेत फवाऱ्याचा रंग मारला की वाळताना त्यावर पांढुरकी साय धरते. म्हणून मी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घेतले आणि ब्रशने पातळ थर देतो. थर पातळ हवा, एकावर एक चार-पाच, नाहीतर खिळ्यांची डोकी आणि जोडाच्या रेघा बुजतात. कोरड्या हवेत अर्ध्या तासात पुढचा थर देता येतो. इथे श्रावणात एक थर म्हणजे एक रात्र. बल्बखाली खोक्यात ठेवून वाळवायचं, आणि वीज गेली की तेवढंही नाही.

आधी राखाडी प्रायमर, मग गडद हिरवा. वाळल्यावर तोच हिरवा थोडा पिवळट करून मोकळ्या पृष्ठभागांवर, कारण ऊन-पावसात लोखंडावरचा रंग मधोमध विटतो आणि कोपऱ्यात गडद राहतो. मग तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून सांध्यांत सोडायचा. तो आपोआप रेघेरेघेने धावतो आणि पत्रे वेगळे दिसू लागतात. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून कडांवर फिरवायचा, जिथे बुटांनी आणि हातांनी रंग उडालेला असतो. हे सगळं खोटं आहे, पण खोटं करताना विचारावं लागतं की माणूस इथून चढत असेल का, इथे हात टेकत असेल का. साखळीच्या वरच्या पत्र्यावर, चालकाच्या झाकणाशेजारी मी सगळ्यात जास्त रंग उडवला आहे. प्रयाग सिंग तिथूनच रोज चढत-उतरत असतील.

चिखलाची गोष्ट वेगळी. माझ्या दाराबाहेर इतकी सुंदर तांबडी माती आहे की चाळून, फेविकॉलच्या पाण्यात कालवून पट्ट्यांना लावली तर रणगाडा जिवंत होईल. कित्येक जण असंच करतात, आपापल्या अंगणातली माती. पण ही सह्याद्रीची जांभ्याची माती. बसंतर जम्मूच्या डोंगरातून खाली येणारा नाला, तिथे गाळाची, वाळू मिसळलेली, करडी-भुरी जमीन आहे, आणि महिना डिसेंबरचा. तळेघरची माती लावली की तो रणगाडा भीमाशंकरला लढला असं होईल. सुटीत मंचरला गेलो तेव्हा घोड नदीच्या काठची वाळूमिश्रित माती आणली, त्यात राख आणि थोडा खडू घातला. जवळ जाणारा रंग मिळाला. आपल्या मातीचा अभिमान असावा, पण ती दुसऱ्याच्या पट्ट्यांना फासू नये.

खरा सेंच्युरियन हाताने मोजून बघायचा तर आपल्याला दिल्लीला जावं लागत नाही, नगर आहे. शहराचं नाव आता अहिल्यानगर, लोकांच्या तोंडी अजून नगरच. आळेफाट्यावरून सरळ रस्ता. तिथल्या आर्मर्ड कोअरच्या केंद्राने १९९४ मध्ये उघडलेलं रणगाडा संग्रहालय साऱ्या आशियात नावाजलेलं आहे: पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, मटिल्डा, व्हॅलेंटाइन, शर्मन, सेंच्युरियन, आपला विजयंता, आणि पकडलेले पॅटन. खुद्द फामागुस्ता नंतर पाकिस्तानकडून परत मिळाला, दुरुस्त केला गेला, आणि तोही नगरच्या या केंद्रात जतन केलेला आहे. मात्र जतन केलेल्या रणगाड्यावरून रंग शिकू नये. त्याला वेळोवेळी नवा, चकचकीत रंग लागतो, लग्नातल्या घरासारखा. त्याच्यावरून मापं घ्यावीत, जोड बघावेत, चढायच्या कड्या मोजाव्यात.

संग्रहालयापासून जवळच निजामशाहीचा फराहबाग उभा आहे. मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती आमच्या जुन्नरला, १४९० मध्ये, आणि मग नगर वसवून राजधानी तिकडे नेली. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ याच नगरात १५४९ मध्ये ओतली गेली, ओतणारा रूमी खान. नगरला तोफांचं वेड जुनं आहे एवढंच म्हणायचं. पर्यटक रणगाडे बघून सरळ निघून जातात. फराहबागेत त्या दिवशी मी एकटाच होतो.

फामागुस्ता या नावाबद्दल मुलं नेहमी विचारतात. ते सायप्रस बेटावरचं तटबंदीचं शहर. १५७० मध्ये उस्मानी तुर्कांनी त्याला वेढा घातला आणि जवळजवळ वर्षभराने, ऑगस्ट १५७१ मध्ये, ते पडलं. आत लढणारे व्हेनिसचे लोक मदतीची वाट बघत राहिले, ती आली नाही. बरोबर चारशे वर्षांनी त्याच नावाचा रणगाडा बसंतरच्या काठावर एकटा पडला. याला अर्थ काही नाही, पण नाव रंगवताना हात थोडा हळू चालला. अक्षरं दोन मिलिमीटरची आहेत, शून्य नंबरच्या ब्रशचे अर्धे केस कापून लिहिली.

रणगाडा पूर्ण झाला गेल्या वर्षी. पण मी ज्या प्रश्नावर अडलो होतो तो तसाच होता: समोर कोण?

अरुण खेत्रपालांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, मूळचे सरगोध्याचे. मघाशी म्हटलेल्या त्या दुसऱ्या खुशाबच्या शेजारचा जिल्हा. २००१ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांना जन्मगाव बघायची इच्छा झाली. पाकिस्तानात त्यांचं आदरातिथ्य केलं ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. घरी ठेवून घेतलं, हवं नको ते पाहिलं. निघायच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितलं की १९७१ मध्ये बसंतरला तेराव्या लान्सर्समध्ये मेजर होतो, आणि तुमच्या मुलावरचा शेवटचा गोळा माझ्या रणगाड्याचा होता. दोघेही सैनिक होते. म्हाताऱ्या बापाने ते ऐकून घेतलं आणि पुढेही दोघांमध्ये आदर राहिला. हा प्रसंग अनेकांनी लिहिला आहे आणि बहुतेकांनी त्यावर फार अश्रू ढाळले आहेत. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. नासेर यांनी न सांगता भागलं असतं. पाहुणा खूष होऊन परतला असता. त्यांनी सांगितलं.

म्हणजे त्या पॅटनमध्येही एक ठरावीक माणूस होता, नाव असलेला. आणि फामागुस्ताचा इतिहास त्याच्याशिवाय मांडला तर तो दिवाळीच्या किल्ल्यासारखा होतो, एकच आकृती मोठी आणि समोर कोणी नाही.

तरी पॅटनचं किट घ्यायला मला आठ महिने लागले. पैसे हे एक कारण. दुसरं कारण सांगतो. घरी येणारा पालक, शेजारी, एखादा अधिकारी कपाटात बघणार. सेंच्युरियन बघून म्हणणार, वा. पाकिस्तानी खुणा असलेला पॅटन बघून काय म्हणणार? जोशी सरांच्या नाहीतर शिंदे सरांच्या कपाटात तो इतिहासाचा छंद असतो. माझ्या कपाटात त्याला खुलासा जोडावा लागतो. जगभर हजारो लोक जर्मन रणगाडे रंगवतात, त्यातल्या बहुतेकांच्या आजोबांनी जर्मनांच्या गोळ्या झेलल्या होत्या. त्यांना कोणी विचारत नाही. आमच्या घरात यावर बोलणं झालं. बायकोने सुचवलं की हिरवा रंग द्या आणि खुणा काढूच नका. मी म्हटलं, मग तो कोणाचा? ती म्हणाली, ज्याचा असेल त्याचा, लोकांना कुठे कळतंय. तिची काळजी खरी होती, पण खुणेशिवाय तो पॅटन नुसतं खेळणं.

शेवटी किट आणलं. सहज मिळणारं किट व्हिएतनामच्या युद्धातल्या एम-४८ ए-३ चं आहे, त्याचं इंजिन डिझेलचं. पाकिस्तानकडचे पॅटन पेट्रोलचे, त्यांचा मागचा भाग वेगळा. म्हणजे पुन्हा पत्रा कापणं, पुन्हा घासणं. सेंच्युरियनच्या पाठीसाठी जेवढं काम केलं तेवढंच याच्या पाठीसाठी करतोय. सगळी झाकणं उघडी ठेवणार आहे, कारण पॅटनमध्येही चारजणच असतात.

सध्या पहिला हिरवा थर वाळतोय. जागेचा हिशेब मात्र झाला आहे. शंभर मीटर भागिले पस्तीस म्हणजे दोन मीटर पंच्याऐंशी सेंटीमीटर. माझी खोली लांबीला तीन मीटर वीस आहे. फामागुस्ता खिडकीकडच्या फळीवर आहे. समोरच्या भिंतीवर, त्याच उंचीवर, सुताराकडून दुसरी फळी ठोकून घेतली आहे. जो दारातून आत येईल त्याला दोन्ही दिसतील, आणि बसायची खुर्ची बरोबर मधोमध येते.